पुसलेले नाव

जुन्या शाळांच्या सभागृहात भिंतीवर एक लाकडी फलक टांगलेला असतो. एका बाजूस सालांचे आकडे, दुसऱ्या बाजूस नावे, इतकाच त्यावरील मजकूर. इंग्रजी विद्येबरोबर ही चाल आपल्याकडेही आली आणि शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविणाऱ्यांची नावे आपल्या कित्येक शाळांनी अशा फलकांवर अभिमानाने रंगवून घेतली. ह्या फलकाकडे आपण कौतुकाने पाहतो. पण तो नेमके काय सांगत असतो ह्याचा विचार सहसा करीत नाही. अमुक साली अमुक मुलाने अमुक यश मिळविले, एवढीच ती नोंद असते काय? की हा मुलगा आमचा आहे आणि त्याच्या चांगुलपणास आम्ही जामीन आहोत, असे शाळा त्या अक्षरांतून जगास बजावीत असते? फलकावरील माणसे जोवर चारचौघांप्रमाणे जगतात व मरतात, तोवर ह्या दोन अर्थांत निवड करण्याचे कारण पडत नाही. त्यांपैकी एखाद्याच्या नावास बट्टा लागला म्हणजे मात्र निवड करावीच लागते. आयर्लंडातील एका जुन्या निवासी शाळेवर हा प्रसंग १८९५ साली आला. तिने त्या वेळी जे केले आणि पुढे जे उलट केले, त्यात एक प्रश्न दडलेला आहे. माणसाच्या पुढील आयुष्यातील कलंकामुळे त्याच्या पूर्वीच्या यशाची नोंद पुसून टाकण्याचा अधिकार संस्थेस पोहोचतो काय?

ही शाळा म्हणजे पोर्टोरा रॉयल स्कूल. आयर्लंडच्या उत्तर भागात, अल्स्टर प्रांतातील फर्मॅना परगण्यात, अर्न नदीच्या पाण्याने वेढलेले एनिस्किलन नावाचे गाव आहे. त्याच्या लगतच्या टेकडीवर ही शाळा होती. तिचा जन्म राजकारणातून झाला. १६०७ साली अल्स्टरचे मोठे आयरिश सरदार देश सोडून युरोपात निघून गेले. त्यांच्या जमिनी पहिल्या जेम्स राजाने खालसा केल्या आणि तेथे इंग्लंड-स्कॉटलंडमधून प्रॉटेस्टंट कुटुंबे आणून वसविली. ह्या नव्या वसाहतीत ठिकठिकाणी शाळा असाव्यात असे १६०८ साली राजाज्ञेने ठरले. त्या आज्ञेनुसार फर्मॅनाची शाळा १६१८ साली लिस्नास्की गावाजवळ सुरू झाली, १६६१ साली एनिस्किलन गावात आली आणि १७७८ साली पोर्टोऱ्याच्या टेकडीवर स्थिरावली.

म्हणजे ज्यांच्या जमिनीवर ही विद्या उभी राहिली, त्यांच्या मुलांसाठी ती नव्हती. पुढे १६९५ च्या कायद्याने तर कॅथलिकांस शाळा चालविण्याचीच मनाई झाली, आणि आयरिश शेतकऱ्यांची मुले रानातल्या कुंपणाच्या आडोशाला बसून चोरून अक्षरे गिरवू लागली. ह्या शाळांना लोक कुंपणशाळाच म्हणत. त्यांतून कोणी ग्रीक शिकला, कोणी लॅटिन. पण त्यांची नावे कोणत्याही फलकावर चढली नाहीत. जी नावे फलकावर चढतच नाहीत, ती पुसण्याचेही कारण पडत नाही. पोर्टोऱ्याच्या फलकाविषयी बोलताना ही गोष्ट आरंभीच सांगून टाकणे मला अवश्य वाटते. कारण मानाची प्रत्येक यादी कोणालातरी बाहेर ठेवूनच तयार झालेली असते.

इतर जुन्या निवासी शाळांप्रमाणे पोर्टोऱ्याच्याही काही परंपरा होत्या. अर्न नदीत मुले नावा वल्हवीत. मैदानावर खेळ चालत. वर्गात ग्रीक-लॅटिनचा अभ्यास कसून होई, आणि हुशार मुलांस डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजची शिष्यवृत्ती मिळवून देणे ही शाळेची मोठी हौस असे. शाळेच्या आवारापाशी सतराव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या एका किल्ल्याचे अवशेष आहेत. १८५९ साली शाळेतल्या काही पोरांनी बंदुकीच्या दारूचे प्रयोग करता करता त्याचा एक भाग उडवून दिला. असले उद्योग घडतात तेव्हा शिक्षकांच्या तोंडचे पाणी पळते. पण पन्नास वर्षांनी तीच गोष्ट शाळा हसतहसत सांगते. शाळेचे ब्रीदवाक्य लॅटिन भाषेतील दोन शब्दांचे होते : 'ओम्नेस होनोराते', म्हणजे सर्वांस मान द्या. 'चांगल्यांस मान द्या' किंवा 'यशस्वी झालेल्यांस मान द्या' असे ते ब्रीद नव्हते. वाचकांनी हे दोन शब्द ध्यानात ठेवावेत.

१८६४ साली डब्लिनच्या एका नामांकित डॉक्टराचे दोन मुलगे ह्या शाळेत राहावयास आले. त्यांतील धाकट्यास अजून दहा वर्षे पुरी व्हावयाची होती. त्याचे नाव ऑस्कर वाइल्ड. मैदानी खेळांत त्यास गोडी नव्हती. पुस्तकांत मात्र होती, आणि ग्रीक भाषेत तर त्याची बुद्धी विलक्षण चाले. १८७० साली ग्रीक बायबलच्या अभ्यासाचे पारितोषिक त्याने पटकावले आणि १८७१ साली ट्रिनिटी कॉलेजची शिष्यवृत्ती मिळविली. शाळेने त्याचे नाव सोनेरी अक्षरांत मानफलकावर लिहिले. पुढे ट्रिनिटीत १८७४ साली ग्रीक विषयाचे बर्कली सुवर्णपदक, नंतर ऑक्सफर्ड, नंतर लंडन. १८९५ सालच्या आरंभी त्याची दोन नाटके लंडनच्या दोन नाट्यगृहांत एकाच वेळी चालली होती. त्याच वर्षीच्या २५ मे रोजी त्यास दोन वर्षे सक्तमजुरीची शिक्षा झाली. पुरुषापुरुषांतील शरीरसंबंध १८८५ च्या एका कायद्याने गुन्हा ठरले होते, त्या कायद्याखालची ही शिक्षा.

मग नाव पुसण्याची लाटच आली. नाट्यगृहाच्या जाहिरातींवरून लेखकाचे नाव गेले. पत्नीने आपले व मुलांचे आडनाव बदलले. पोर्टोरा शाळेने मानफलकावरील त्याच्या नावावर रंग फिरविला. एवढ्यानेही भागले नाही. लहानपणी एका वर्गाच्या खिडकीपाशी त्याने आपली आद्याक्षरे कोरली होती; ती मुख्याध्यापकांनी खरवडून टाकली, अशी नोंद त्याच्या चरित्रात आढळते. पुढे काळ पालटला, आणि शाळेने फलकावरचे ते नाव पुन्हा सोन्याने उजळले.

त्या मुख्याध्यापकांची बाजू प्रथम नीट मांडली पाहिजे. मी स्वतः शिक्षक आहे, आणि दुसऱ्याच्या शाळेतील माणसास दुरून दोष देणे किती सोपे असते हे मला ठाऊक आहे. निवासी शाळेत मुले केवळ शिकत नाहीत, राहतात. आईबापांनी आपले मूल शेकडो कोसांवरून परक्याच्या स्वाधीन केलेले असते. त्या वर्षी वर्तमानपत्रांनी हा खटला घरोघर पोचविला होता. 'आमच्या मुलांपुढे तुम्ही कोणाचा आदर्श ठेवीत आहा?' असा प्रश्न पालकांनी विचारला, तर त्यास काय उत्तर द्यावयाचे? शाळेची कीर्ती गेली तर मुले जातील, मुले गेली तर शाळा बंद पडेल. एका माणसाच्या नावापायी पावणेतीनशे वर्षांची संस्था धोक्यात घालावी काय? ह्या युक्तिवादात खोटे असे काही नाही. त्यात संस्थेविषयीचे प्रेम आहे, आणि ते प्रेम खरे आहे.

तरीही तो युक्तिवाद मला पटत नाही. पहिले कारण अगदी साधे आहे. १८७१ साली एका मुलाने एक शिष्यवृत्ती मिळविली, ही घडून गेलेली गोष्ट आहे. १८९५ साली काहीही घडो, त्याने १८७१ साल बदलत नाही. हजेरीपटातील खाडाखोड आम्ही शिक्षक गुन्हा मानतो. मुलाने गणितात चुकीची पायरी खोडून टाकली आणि उत्तर तेवढे ठेवले, तर त्याचे गुण कापतो. तीच शाळा आपल्या सभागृहातल्या सर्वांत मोठ्या अक्षरांच्या नोंदवहीत खाडाखोड करते, तेव्हा तिच्या भिंती तिच्या शिकवणीस खोटे पाडतात.

दुसरे असे की, पुसलेली जागा लपत नाही. रोमचा बादशहा कॅराकॅला याने आपल्या भावाचा, गेटाचा, खून करविला आणि साम्राज्यातील शिलालेखांतून त्याचे नाव छिन्नीने उडविले. रोमच्या फोरममधील सेव्हेरसच्या कमानीवर ती दुरुस्त केलेली ओळ आजही ओळखू येते, आणि ती पाहणारा प्रत्येक जण गेटाचीच चौकशी करतो. पोर्टोऱ्याच्या सभागृहात प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या एखाद्या दहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीस तो रंग फासलेला पट्टा पडला असेल, तर त्याने शेजाऱ्यास काय विचारले असेल हे सांगावयास नको. आणि त्या मुलाने त्यापासून काय धडा घेतला असेल? दुराचाराविषयी तो पट्टा काहीच सांगत नाही. तो शाळेविषयी सांगतो. ती आपल्यावर प्रेम करते ते आपण तिला शोभतो तोवर, एवढे त्या मुलास कळते. आईबापांपासून दूर, तिच्याच छपराखाली निजणाऱ्या मुलास हे कळणे फार क्रूर आहे.

खिडकीपाशी कोरलेल्या दोन अक्षरांविषयी मी अधिक विचार केला आहे. वास्तविक शाळेच्या इमारतीवर नाव कोरणे हा नियमभंगच. मुलगा ज्या दिवशी ते कोरताना सापडता, त्या दिवशी त्यास शिक्षा करणे योग्य झाले असते. पण ती अक्षरे चोवीस-पंचवीस वर्षे तशीच राहिली. आणि अखेरीस ती खरवडली गेली ती नियमभंगासाठी नव्हे. ती ज्याची होती त्याच्यासाठी. येथे फलक आणि खिडकी ह्यांतील फरक पाहण्यासारखा आहे. फलकावरचे नाव शाळेने दिले होते. ते तिने काढून घेतले आणि पुन्हा दिले. खिडकीपाशी जे होते ते शाळेने दिलेले नव्हते. कंटाळवाण्या दुपारी एका मुलाने स्वतःच्या हाताने 'मी येथे होतो' एवढेच तेथे म्हटले होते. सोने पुन्हा चढविता येते. त्या हाताची अक्षरे पुन्हा कोरता येत नाहीत. मान परत करणे संस्थेच्या हाती असते, पण माणसाचे असणेच जेव्हा ती पुसते, तेव्हा परत करण्याजोगे तिच्यापाशी काही उरत नाही.

नाव पुन्हा उजळले हे चांगलेच झाले. परंतु त्यास प्रायश्चित्त म्हणावे काय, ह्याविषयी मी साशंक आहे. वाइल्ड १९०० साली पॅरिसमध्ये दैन्यात मेला. त्यानंतर त्याची नाटके पुन्हा रंगभूमीवर आली, त्याची कीर्ती देशोदेशी पसरली. ज्या कायद्याने त्यास तुरुंगात घातले तो इंग्लंडात १९६७ साली सैल झाला. उत्तर आयर्लंडात, म्हणजे पोर्टोऱ्याच्या प्रदेशात, युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या १९८१ च्या निकालानंतर १९८२ साली. इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत आपल्यासाठी लिहून ठेवलेले तशाच जातीचे कलम सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरते आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली रद्द ठरविले. जगाने निकाल फिरविल्यावर सोन्याचा कुंचला हाती घेण्यास धैर्य लागत नाही. हयातीत वाळीत टाकावे आणि मागून पालखी काढावी, हा प्रकार आपल्याही परिचयाचा आहे. समजा, तुरुंगात गेलेला तो माजी विद्यार्थी नाटककार नसून एखाद्या पेढीतला कारकून असता. त्याचे नाव पुसले गेले असते, पण ते पुन्हा कोणी उजळले असते काय? 'सर्वांस मान द्या' ह्या ब्रीदाची कसोटी त्या कारकुनापाशी लागते, वाइल्डपाशी नव्हे.

पुढे कोण काय होणार हे शाळेस कधीच कळत नसते. १९२० ते १९२३ ह्या वर्षांत डब्लिनहून आलेला आणखी एक मुलगा ह्या टेकडीवर राहिला. तो तेथे असतानाच आयर्लंडची फाळणी झाली आणि त्याचे घर एका राज्यात व शाळा दुसऱ्या राज्यात अशी स्थिती झाली. हा मुलगा क्रिकेट उत्तम खेळे. सॅम्युएल बेकेट हे त्याचे नाव. १९६९ साली त्यास साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. मुलाचे भविष्य शाळेस वाचता येत नाही, म्हणूनच तिने त्याच्या भविष्यास जामीन राहू नये. घडले ते लिहावे आणि लिहिलेले राहू द्यावे.

येथे एक रास्त आक्षेप निघतो. मग कोणतेच नाव कधी काढू नये काय? मला तसे म्हणावयाचे नाही. नोंद आणि वंदना ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. तत्त्ववेत्ता जॉर्ज बर्कली हा आयर्लंडातल्याच किलकेनी कॉलेज ह्या जुन्या शाळेचा विद्यार्थी. त्याच्या नावाचे पदक वाइल्डला मिळाले, हे वर आलेच आहे. ट्रिनिटी कॉलेजने आपल्या एका ग्रंथालयासही त्याचे नाव दिले होते. बर्कलीने अमेरिकेत असताना गुलाम विकत घेतले होते; ह्या कारणास्तव २०२३ साली कॉलेजने ग्रंथालयाचे ते नाव काढण्याचे ठरविले, आणि पुढे कवयित्री ईव्हॅन बोलंड यांचे नाव त्यास दिले. हे मला गैर वाटत नाही. इमारतीस नाव देणे ही वंदना आहे; ज्यास वंदन करावयाचे त्याची निवड प्रत्येक पिढीने नव्याने करावी. पण बर्कली त्या कॉलेजात शिकला ही नोंद आहे. ती कोणी खोडू लागला तर मी हात धरीन. दुसऱ्या माणसास मालमत्ता मानणे हे कोणत्याही काळी त्या गुलामावर अन्यायच होते, हेही ह्या ठिकाणी विसरता कामा नये. काळाबरोबर पालटणारी लोकलज्जा आणि दुसऱ्यास झालेली इजा ह्यांत भेद न करणारा समाज कधी निरपराध्याचे नाव पुसतो, तर कधी अपराध्याचे सांभाळतो.

हे दुसरे संकट कल्पनेतले नाही. आयर्लंडच्या प्रजासत्ताकात धार्मिक संघांनी चालविलेल्या शाळांतून मुलांवर झालेल्या लैंगिक अत्याचारांविषयी सरकारने नेमलेल्या प्राथमिक चौकशीचा अहवाल २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात ३०८ शाळांसंबंधी २,३९५ आरोपांची नोंद असून आरोप झालेल्या व्यक्तींची संख्या ८८४ आहे. पोर्टोरा ह्या संघांची शाळा नव्हती आणि ह्या चौकशीशी तिचा संबंध नाही. पण हा आकडा वाचताना मला पोर्टोऱ्याचा फलक आठवल्यावाचून राहिला नाही. इतकी मुले इतकी वर्षे गप्प का राहिली? ती बोलली तेव्हा ऐकून न ऐकल्यासारखे का झाले? ह्याची कारणे अनेक असतील; पण त्यांतले एक आपणा सर्वांस ओळखीचे आहे. शाळेचे नाव जाऊ नये, हे ते कारण. ज्या प्रेमाने एकीकडे नाव पुसावयास लावले, त्याच प्रेमाने दुसरीकडे दुष्कृत्य झाकावयास लावले. संस्थेचे नाव सांभाळणे हा संस्थेच्या धर्माचा एक भाग आहे. तोच सर्व धर्म होऊन बसला म्हणजे ज्या मुलांसाठी संस्था काढली, ती तिला दिसेनाशी होतात.

मग १८९५ साली काय करावयास हवे होते? मला वाटते, काहीच नाही. फलक होता तसा ठेवावयाचा होता. कोणा मुलाने विचारले असते तर सांगावयाचे होते : 'हा आमचा विद्यार्थी. ग्रीक भाषेत त्याचा हात धरणारा येथे कोणी नव्हता. पुढे त्यास शिक्षा झाली. आज तो तुरुंगात आहे.' एवढे चार वाक्यांचे सत्य पेलण्यास फार मोठी शाळा लागत नाही. मुलांवर आणि स्वतःवर थोडा विश्वास असलेली शाळा लागते. पालकांपैकी काहींनी मुले काढून नेली असती. ती किंमत मोजावी लागली असती. ब्रीदवाक्य स्वीकारताना त्याची किंमतही स्वीकारलेली असते.

१९९० नंतरच्या दशकात पोर्टोऱ्याचे वसतिगृह बंद झाले. २०१६ साली गावातल्या मुलींच्या एका शाळेशी तिचे एकीकरण होऊन एनिस्किलन रॉयल ग्रामर स्कूल ही नवी शाळा जन्मास आली, आणि पोर्टोरा रॉयल स्कूल हे नाव शाळांच्या यादीतून नाहीसे झाले. आता ते नाव उरले आहे ते नोंदींत : चारशे वर्षांच्या कागदपत्रांत, माजी विद्यार्थ्यांच्या आठवणींत, आणि त्या फलकांवर. जप्त केलेल्या जमिनीवर उभी राहिलेली, ग्रीक शिकविणारी, किल्ला उडविणाऱ्या पोरांस सांभाळून घेणारी, आपल्या एका मुलाचे नाव पुसणारी आणि पुन्हा लिहिणारी, अशी ती शाळा होती. तिच्याविषयी लिहिताना मीही ह्यांतील एखादी गोष्ट सोयीसाठी वगळू शकलो असतो. पण ती सगळीच लिहून ठेवणे, ह्याहून अधिक मान मला तिला देता येत नाही.